लाईनीत, लाईनवर, लाईनला : हा एक शब्द मराठीत नेमकी किती कामं करतो?

शुभा_एडिसन
मंडळी, धागा भाषेच्या विभागात टाकलाय, पण भरकटला तरी माझी तक्रार नाही.

लेक नऊ वर्षांची, जन्मापासून न्यू जर्सीत. घरी आम्ही मराठीच बोलतो. यंदा सुट्टीत ती साताऱ्याजवळ आजीकडे राहिली आणि तिथे तिने एक वही केली, नाव ‘आजीचे इंग्लिश शब्द’. टेबल, डझन, फाईल वगैरेंना एकेक ओळ मिळालीय. ‘लाईन’ला मात्र दीड पान. तिने ऐकलेली काही वाक्यं जशीच्या तशी देते.

तुझा मामा कुठल्या लाईनीत आहे? रात्रीपासून लाईन नाही, मोटर बंद. खालच्या आळीतली लाईन फुटली, पाणी येणार नाही. पाटलाचा पोरगा आता लायनीवर आला. सुमनमावशी पोलीस लाईनीत राहते. आणि मामेभावाकडून शिकलेलं, ज्यावर आजीने डोळे वटारले : तो तिला लाईन मारतोय.

लेकीचा प्रश्न असा की आजीला इंग्लिश येत नाही, मग हा शब्द ती माझ्यापेक्षा जास्त ठिकाणी कसा वापरते? मी शब्दकोश उघडला. रेषा, ओळ, रांग. संपलं. तिच्या सहापैकी एकाही वाक्यात यातलं काही बसत नाही. जाणकारांनी मदत करावी.

फटकळ_पुणेकर
प्रश्न नीट बसत नाही कारण वाक्यंच धेडगुजरी आहेत. रांग, ओळ, रेघ, रेषा, तार असे पाच शब्द घरात असताना सहावा शेजारून कशाला आणायचा? मुलीला ते पाच शिकवा, वही बंद करा.

चिंचपोकळीकर
पुणेकर, ‘पोरगा आता रांगेवर आला’ म्हणून बघा बरं. किंवा ‘तो तिला रेघ मारतोय’. (हलकेच घ्या.)

शाळामास्तर
शुभाताई, मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिने वाक्यं उतरवली म्हणून गंमत कळते, नुसते अर्थ लिहिले असते तर कळली नसती.

माझं म्हणणं असं की ‘लाईन’ हे नाम इंग्रजी आहे, पण त्याचा अर्थ ठरवण्याचं काम मराठी करते. आधी क्रियापदं घ्या. लाईन लावली म्हणजे माणसं एकामागे एक उभी राहिली. लाईन टाकली म्हणजे नळ किंवा तार नेली. लाईन ओढली म्हणजे खांबावरून तार आणली. लाईन मारली म्हणजे काय ते मामेभावाला माहीत आहे, आणि लाईन दिली म्हणजे समोरून होकाराची चिन्हं आहेत. नाम तेच, पुढचं क्रियापद बदललं की माणूस रेशनच्या दुकानातून थेट कॉलेजच्या कट्ट्यावर. यातल्या कित्येक क्रिया इंग्रजीत या नामाबरोबर चालतच नाहीत.

आता प्रत्यय घ्या. लाईनीत उभा आहे, ही रांग. ‘त्या लाईनीत आहे’ म्हटलं की धंदा किंवा पेशा. साहेब लाईनवर आहेत, हा फोन. पोरगा लायनीवर आला, म्हणजे सुधारला. लाईनला लागला, म्हणजे कामाधंद्याला चिकटला. ‘त’, ‘वर’, ‘ला’ हे आपले प्रत्यय सगळा कारभार बघतात. आजीला इंग्रजी येण्याची गरजच नाही, तिला मराठी येतं म्हणून ती हा शब्द इतका वापरू शकते.

अजून एक. हा शब्द चालतो कोणासारखा? रांग असेल तर आपण रांगेत म्हणतो, अनेकवचन रांगा. ओळ असेल तर ओळीत, आणि ओळी. लाईन असेल तर लाईनीत, लायनी. म्हणजे तो ‘ओळ’च्या वळणावर गेला. रांग, ओळ, रेघ, रेषा, तार सगळ्या स्त्रीलिंगी, तेव्हा लाईनही ‘ती’ झाली यात आश्चर्य नाही. जो शहरात इंग्रजी शिकून आला तो ‘लाईनमध्ये’ आणि ‘लाईन्स’ म्हणतो. जिच्याकडे तो शब्द दोन पिढ्यांपूर्वी गावात आला ती आजी ‘लायनीत’ म्हणते. तिच्या तोंडी तो पाहुणा राहिलेलाच नाही.

अवांतर : चित्रकलेच्या तासाला एकदा म्हणालो, ‘समास सोडून एक लाईन मार’. मागचे दोन बाक खिदळायला लागले. तेव्हापासून वर्गात ‘रेघ ओढ’ म्हणतो. पुणेकरांनी याला शुद्धीचा विजय समजावा.

फटकळ_पुणेकर
मास्तर, समजलो. पण प्रत्यय आपला लागला म्हणून शब्द आपला होत नाही. उद्या ‘हॅपीत’ आणि ‘सॅडीत’ म्हणाल.

निवृत्त_सिग्नल
नमस्कार. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, बहुतेक नोकरी एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांत झाली. लाईन हा आमचा शब्द, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली सरकावे.

‘त्याची लाईन क्लिअर झाली’ असं तुम्ही लग्न जमलं की म्हणता, कर्ज मंजूर झालं की म्हणता. हा मूळचा रेल्वेच्या नियमपुस्तकातला शब्द आहे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. माझ्याकडून गाडी सोडायची तर मी पुढच्या स्टेशनला यंत्रावर घंटा देऊन लाईन क्लिअर मागायची. त्याने बघायचं की आधीची गाडी त्याच्याकडे पूर्ण आली का. पूर्ण म्हणजे शेवटच्या डब्यावरची एल.व्ही. (लास्ट व्हेईकल, शेवटचा डबा) ही पाटी, रात्री असेल तर मागचा लाल दिवा, डोळ्यांनी दिसला पाहिजे. डबे अर्ध्यात तुटून मागे राहिले असतील तर? म्हणून ती पाटी. मग तो लाईन क्लिअर देणार.

त्याने दिली की माझ्या यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर येई. नील्स बॉल टोकन म्हणतात त्याला. दोन्ही स्टेशनांची यंत्रं विजेने एकमेकांशी अशी जखडलेली की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा कुठल्याच बाजूने निघत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी मोठ्या वेताच्या कड्याला. न थांबणारी गाडी असेल तर पॉइंटसमन फलाटाच्या टोकाला कडं उंच धरून उभा. इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते खांद्यात अडकवून घेई आणि मागच्या टप्प्याचं कडं खाली फेकी. रात्री मशाल. हातात गोळा नाही तर ड्रायव्हरला पुढे जाण्याचा हक्क नाही, साहेब सोबत बसलेला असो की मंत्री.

म्हणून ‘लाईन क्लिअर’ याचा अर्थ नुसता ‘रस्ता मोकळा’ असा नाही. पलीकडच्या जबाबदार माणसाने बघून दिलेली परवानगी, असा आहे. मुलीकडच्यांनी होकार दिला की लाईन क्लिअर म्हणतात ते अगदी बरोबर.

‘लूप लाईन’सुद्धा आमचीच. मोठ्या गाडीला वाट द्यायला बाजूला घेतलेली गाडी लूपवर उभी राहते. पुढे सरकारी कचेऱ्यांत, साहेबाची मर्जी गेलेल्या माणसाला ‘लूप लाईनला टाकला’ म्हणू लागले. तिथे मात्र सिग्नल कधी पडेल ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

चिंचपोकळीकर
काका, दंडवत! हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

मुंबईत लाईन म्हणजे पत्ताच असतो. ‘कुठे राहतोस’ याचं पहिलं उत्तर गाव नाही, लाईन : सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर. लग्नाच्या स्थळातसुद्धा विचारतात, मुलगी वेस्टर्नची आणि ऑफिस सेंट्रलला म्हणजे रोज दादरचा पूल. रेल्वे घोषणेत ‘हार्बर मार्ग’ म्हणते, पण मी आजवर एकाही माणसाला ‘मी हार्बर मार्गावर राहतो’ म्हणताना ऐकलेलं नाही. नाव बंदरावरून. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्टेशनं वाचली की गोदीच्या कडेने चाललोय हे कळतंच. देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली तीही हार्बरनेच. आज तिला सगळे नावं ठेवतात, पण मान तिचा आहे.

आणि मरीन लाइन्स! आमच्या ऑफिसातल्या एकाची पक्की समजूत होती की समुद्राकाठून रुळांच्या लाइनी जातात म्हणून मरीन लाइन्स. तसं नाही. तिथे मरीन बटालियनच्या लाइन्स होत्या, म्हणजे फौजेची वस्ती. स्टेशनने ते नाव घेतलं. मरीन ड्राईव्ह त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला.

वैदर्भी_ठेचा
+१. हाच अर्थ आमच्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये. फौजेच्या लाइनी वेगळ्या, मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या लाइनी वेगळ्या. विधानभवन, राजभवन, हायकोर्ट सगळं तिकडेच. जुनी माणसं ‘शिविल लाईन’ म्हणतात. शुभाताईंच्या सुमनमावशीची पोलीस लाईन याच कुळातली, एका ओळीत बांधलेल्या खोल्या म्हणून लाईन. पोलीस लाईनीत वाढलेली पोरं दुरून ओळखू येतात बरं का, क्रिकेट खेळताना अंपायरशी वाद घालत नाहीत, थेट पंचनामा करतात.

करवीरचा_रांगडा
आमच्या कोल्हापुरातबी लाईन बाजार आहे, कसबा बावड्याकडं. आन धारवाडलाबी लाईन बाजार आहे, पेढ्यासाठी गर्दी असतीया तिथं.

उसाचं_टिपरू
मी जालना जिल्ह्यातला. आमच्याकडं लाईन म्हणलं की पहिला अर्थ वीज. पुण्याच्या पाहुण्याला ‘लाईन गेली’ म्हणलं तर तो विचारतो कुठं गेली. तुम्ही लाईट गेली म्हणता. आम्हाला लाईटीचं एवढं दुःख नाही, अंधारात जेवता येतं. मोटर चालणारी थ्री फेज गेली तर पीक जातं. घरात सिंगल फेजवर बल्ब जळत असला तरी आम्ही म्हणतो ‘लाईन नाही’.

शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेताकडं येणाऱ्या मुख्य लाईनीला, पाळी असते, दिवसाची आठ तास नाहीतर रात्रीची दहा तास. रात्रीची पाळी लागली की थंडीत दार धरायला जावं लागतं. दार धरणं म्हणजे पाण्याला वाफ्याचं तोंड उघडून देणं, दरवाजा नव्हे, एडिसनच्या ताईंसाठी सांगितलं. विंचू-सापाचं भ्या वेगळं. ‘दिवसाची लाईन द्या’ या मागणीसाठी किती मोर्चे निघाले असतील त्याला गणती नाही.

आता सरकारचा शब्द ऐका. फीडरला सरकार म्हणतं ‘वाहिनी’. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सोलरवर दिवसा वीज द्यायची म्हणून. योजना कामाची आहे, त्याबद्दल बोलायचं नाही. पण आमच्या चुलत्यानं कागद वाचला आणि म्हणाला, ‘ही कृषी वहिनी कोण?’ सगळी गावसभा खाली बसली हसून. पुणेकर, असं होतं शुद्ध शब्दाचं.

फटकळ_पुणेकर
वाहिनी हा उत्तम शब्द आहे. चुलत्यांनी चष्मा लावावा.

खांबावरचा_माणूस
लाईनमन आहे, म्हणून लिहितो. कंपनीनं आम्हाला ‘जनमित्र’ नाव दिलंय, छातीवर तसं लिहून पण येतं. चांगलं नाव आहे. गावात कुणी ‘ओ जनमित्र’ अशी हाक मारत नाही. ‘लाईनमन आला का?’ असंच विचारतात, आणि वैतागलेले असले तर ‘वायरमन’. ४ मार्चला लाईनमन दिवस असतो, त्यात पण लाईनमनच आहे.

आमच्यात लाईनचा अर्थ जपून घ्यावा लागतो. ‘लाईन बंद आहे’ आणि ‘लाईन गेलेली आहे’ यात जीव जाण्याइतका फरक आहे. गेलेली लाईन कधीही येऊ शकते. बंद केलेली म्हणजे सबस्टेशनवरून परमिट घेतलंय, ते परत केल्याशिवाय तिकडून चालू करायची नाही. परमिट घेतल्यावरसुद्धा तारेला आधी अर्थिंग करायचं आणि मगच हात लावायचा. कुणाच्या घरचा जनरेटर उलटा करंट पाठवत असेल सांगता येत नाही. निवृत्त काकांचा गोळा वाचून वाटलं, आमचं परमिट म्हणजे तेच आहे.

आणि टिपरूभाऊ, डीपीचा डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज, उडाला की काठीनं स्वतः बसवायला जाऊ नका. फोन करा. उशीर होतो, मान्य.

उसाचं_टिपरू
दादा, उशीर होतो हे तुम्हीच लिहिलं, आता आम्ही काय बोलणार. पण पावसात खांबावर चढलेले बघितलेत तुम्हाला. राम राम.

शुभा_एडिसन
लेकीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवतेय. तिला ‘कृषी वहिनी’ समजवायला पाच मिनिटं लागली, मग दहा मिनिटं हसत होती. टोकनचं कडं कसं असतं ते तिला बघायचंय.

मास्तरांच्या प्रत्ययांवर तिनेच एक सांगितलं. इथे न्यूयॉर्कच्या आसपास लोक रांगेत उभे असले की ‘ऑन लाईन’ उभे आहोत म्हणतात, अमेरिकेत बाकीकडे ‘इन लाईन’. म्हणजे ‘त’ की ‘वर’ हा घोळ इंग्लिशवाल्यांचाही आहे.

चंद्रभागेतिरी
पंढरपूरकडून एक शब्द देते. आमच्याकडे दर्शनाला लाईन नसते, बारी असते. दर्शनबारी. तुळजापूरलाही तेच. ‘बारीला उभं राहिलो’, ‘बारी पत्राशेडपर्यंत गेली’. आषाढीला बारी गोपाळपूरकडे किती लांब गेली यावर गर्दीचं माप ठरतं. बारी म्हणजे नुसती रांग नाही, त्यात पाळीचा अर्थ पण आहे, आपली बारी येणार. बाहेरगावच्या भाविकांनी कितीही वेळा ‘लाईन कुठाय’ विचारलं तरी उत्तर मिळतं, ‘बारी तिकडं’.

उलट मुंबईत लालबागच्या राजाला ‘नवसाची लाईन’ आणि ‘मुखदर्शनाची लाईन’. फलकावर रांग लिहितात, पण माणसाच्या तोंडी लाईन. तेव्हा देवाच्या दारातही ज्या त्या गावची भाषा.

शाळामास्तर
चंद्रभागाताई, फार मोलाचं. यावरून एक सुचतं. लाईनने रांगेला सगळीकडून हाकललेलं नाही. डोंगरांची रांग आहे, लाईन कोणी म्हणत नाही. कवितेची ओळ आहे. तळहातावर रेषा आहेत, ज्योतिषी कितीही शिकलेला असो. कपाळावर आठ्या आणि डोळ्यांत काजळाची रेघ. जे आपोआप असतं किंवा अंगावर असतं तिथे जुने शब्द टिकलेत. जिथे कोणीतरी वरून काहीतरी सोडतं आणि आपण खाली वाट बघत बसतो, पाणी, वीज, रेशन, गाडी, फोन, तिथे लाईन. तो शब्द सरकारबरोबर आला आणि सरकारी पुरवठ्याला चिकटला.

रानफूल
मास्तर, माझी मुलं ‘मुंग्यांची लाईन’ म्हणतात हो. मुंग्या कुठल्या सरकारी?

शाळामास्तर
साखरेच्या डब्यापर्यंत पोचायचं तर शिस्त लागतेच. पण खरं आहे, शहरातल्या मुलांत रांग मागे पडतेय.

चिंचपोकळीकर
‘लाईन’ आणि ‘नंबर’ यातला फरक कोणीच लिहिला नाही. डॉक्टरकडे नंबर लावतात, लाईन नाही. रॉकेलच्या दिवसांत आई आम्हाला पहाटे डबा ठेवून ‘नंबर लावून ये’ म्हणायची, मग दुकान उघडलं की ‘लाईनीत उभा राहा’. नंबर डब्याचा असतो, चपलेचा असतो, विटेचासुद्धा असतो. लाईनीला माणूस लागतो.

ओळंबा
बांधकामात आहे. आमच्या हत्यारांच्या पिशवीत ओळंबा, गुण्या, थापी, रंधा आणि लाईनदोरी. इंग्रजी आणि मराठी शब्द एकत्र बांधून एकच वस्तू. काम सुरू होतं ते ‘लाईन आऊट’ने. नकाशावरचा पाया जमिनीवर खुंट्या ठोकून, दोरी ताणून, चुन्याच्या फक्कीने आखायचा. कोपरा काटकोनात आहे का ते तीन-चार-पाचने बघतात : एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं ५ आलं की कोपरा बरोबर. पायथागोरस आमच्या गवंड्याला माहीत नाही, पण तो कधी चुकत नाही.

मग वीटकाम. दोन्ही कोपरे आधी चढवतात आणि मधल्या थराला लाईनदोरी. नवीन पोराला पहिला धडा असा की वीट दोरीजवळ न्यायची, दोरीला टेकवायची नाही. एका विटेनं दोरी ढकलली की पुढची प्रत्येक वीट त्या ढकललेल्या दोरीच्या हिशोबाने बसते आणि भिंतीला पोट येतं. ‘लाईन सोडली’ असं म्हणतात त्याला. गिलाव्याने ते झाकता येतं असं सांगणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नका.

शब्दांचा_किडा
ओळंबाभाऊंनी शब्द थेट त्याच्या जन्मगावी नेला! लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस, अळशी. जवसाच्या खोडाच्या धाग्याला ‘लिनिया’. तीच ताणलेली दोरी, तिने आखलेली सरळ रेघ, आणि मग पुढचा सगळा विस्तार. लिनन कापड त्याच झाडाचं, लिनसीड म्हणजे अळशीचं बी, फरशीवर घालायचं लिनोलियमही अळशीच्या तेलावरून. दोरी ताणून रेघ काढणं हा या शब्दाचा सगळ्यात जुना उद्योग, आणि लाईनदोरी आजही तोच करते.

आपली ‘ओळ’ संस्कृत ‘आवलि’वरून आली. दीपावलीत ती दिव्यांची ओळ म्हणून अजून बसलीय.

वैदर्भी_ठेचा
म्हणजे आमची जवसाची चटणी आणि सेंट्रल लाईन चुलत बहिणी निघाल्या. उद्या भाकरीबरोबर खाताना लोकलची आठवण येईल. कळवतो.

सुईदोरा
शिवणकामातला घोळ राहिला. ‘लायनिंगचा शर्ट’ म्हणजे रेघारेघांचा. ‘ब्लाऊजला लायनिंग लावा’ म्हणजे आतून अस्तर. गिऱ्हाईक नुसतं ‘लायनिंगचं शिवा’ म्हणून जातं आणि आम्ही तोंड बघतो. मी आता प्रत्येकीला विचारते, बाई, लायनिंग बाहेरून की आतून? नेटक्या बायका ‘अस्तर’ म्हणतात, त्यांचं काम लवकर होतं.

फटकळ_पुणेकर
पाहिलंत? शुद्ध शब्द वापरला की काम लवकर होतं. हेच पहिल्या प्रतिसादात सांगत होतो.

चिंचपोकळीकर
एवढ्या लांबून येऊन पुणेकरांना शेवटी एक ब्लाऊज मिळाला.

शुभा_एडिसन
:) :) वहीत आता नवी पानं जोडावी लागताहेत. एक राहिलंय. आजीच्या शेजारचा मुलगा सकाळी ‘माझी लाईन आहे’ म्हणून पाचच्या आधी सायकल घेऊन निघायचा. लेकीला वाटलं त्याची गाडी असेल. हे काय असतं?

पहाटेचा_फेरा
हे माझं क्षेत्र. पेपरची लाईन. एका विक्रेत्याच्या ठरलेल्या घरांचा ठरलेला फेरा म्हणजे एक लाईन. दूधवाल्यांचीही असते. मुलगा पेपर टाकतो असं म्हणत नाहीत, ‘लाईन टाकतो’ म्हणतात. पहाटे डेपोवर गठ्ठे येतात, पुरवण्या आत घालायच्या, आणि पेपर लाईनच्या क्रमाने रचायचे : पहिलं घर सगळ्यात वर, शेवटचं तळाला. क्रम एकदा चुकला की जिन्यात उभं राहून गठ्ठा उपसावा लागतो. म्हणून नवीन पोराला घरांचे नंबर पाठ करायला सांगत नाहीत, जुन्या पोराबरोबर काही दिवस फिरवतात. पायाला लाईन बसली पाहिजे.

आणि ही लाईन विकली जाते. गावी परत जाणारा किंवा थकलेला विक्रेता दुसऱ्याला लाईन विकतो. कितीला जाते ते घरं किती, पेपर कुठले, वसुली कशी यावर. जिने असलेल्या जुन्या इमारतींची लाईन स्वस्त, लिफ्टवाल्या सोसायटीची महाग.

ओळंबा
विकत घेतली म्हणजे नक्की काय घेतलं? घरं तर तुमची नाहीत, गिऱ्हाईक उद्या पेपर बंद करू शकतं.

पहाटेचा_फेरा
वही घेतली. कोणत्या घराला कोणता पेपर, रविवारी जास्तीचा कोणाला, बिल कोण देतं आणि किती तारखेला, कुत्रा कुठे आहे. वही देताना जुना माणूस महिनाभर बरोबर फिरतो, प्रत्येक दारात सांगतो की उद्यापासून हा येणार. तेवढ्याचे पैसे. हल्ली मोबाईलमुळे घरं कमी झालीत, त्यामुळे दोन-तीन लायनी एकत्र करून एक करतात. शेजारच्या मुलाला विचारा, त्याची बहुतेक जोडलाईनच असेल.